डब्लिनमधलं मत आणि पोलीस ठाण्याचा शिक्का

खिशात भारतीय पासपोर्ट असताना आयर्लंडमध्ये मत देता येतं, यावर नव्याने तिकडे गेलेल्यांचा विश्वास बसत नाही. नागरिकत्व नाही तर मत कसलं? पण स्थानिक निवडणुकीसाठी तिथे १९६३ च्या कायद्यापासून नागरिकत्वाची अटच नाही. वय १८ पूर्ण आणि मुक्काम तिथला, एवढं पुरतं. उमेदवारीही करता येते. आश्रय मागत २००० साली नायजेरियातून आलेले रोटिमी अडेबारी २००४ मध्ये पोर्टलीशच्या नगरपरिषदेवर निवडून आले आणि २००७ मध्ये नगराध्यक्ष झाले.

संसदेसाठी मात्र हे मत नाही. लंडनचा आतेभाऊ 'आम्ही पार्लमेंटलाही मत देतो' म्हणतो ते खरं. ब्रिटनने राष्ट्रकुलातल्या नागरिकांना दिलेली ती मुभा आहे. आयर्लंड १९४९ मध्येच राष्ट्रकुलातून बाहेर पडलं.

'हक्क आहे, पण बाहेरून आलेल्यांनाच रस नाही' हा आरोप मला पटत नाही. पूर्वीची पद्धत बघा. मतदार यादी वर्षातून एकदा बने. अर्ज २५ नोव्हेंबरपर्यंत, नवी यादी १५ फेब्रुवारीपासून लागू. तारीख हुकली की पुरवणी यादीचा अर्ज, आणि त्यावर सहसा गार्डांच्या, म्हणजे पोलिसांच्या, ठाण्यात ओळख पटवून सही-शिक्का. डब्लिनबाहेर परदेशी माणसाच्या राहण्याच्या परवान्याचं कामही ठाण्यातच चाले. ज्याच्या हाती आपला परवाना, त्याच्या दारात आणखी एक कागद घेऊन हौसेने कोण जाईल? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकत वाढलेला माणूस तर नाहीच.

२०२२ च्या कायद्याने ही अडचण बरीच दूर केली. आता पीपीएस क्रमांक (तिथला सरकारी ओळख क्रमांक), जन्मतारीख आणि पत्ता देऊन वर्षभरात कधीही ऑनलाइन नाव नोंदवता येतं. ठाण्यात जायलाच लागतं, असं कुणी सांगितलं तर ती जुनी माहिती समजा.

कर भरतो म्हणून नाव आपोआप चढेल, हीही भाबडी समजूत. स्वीडनमध्ये तीन वर्षांच्या नोंदणीकृत वास्तव्याची अट पूर्ण केलेल्या परदेशी माणसाच्या घरी मतदानाचं कार्ड आपसूक येतं. आयर्लंडमध्ये अर्ज आपणच करायचा.

मत दिल्याने भारतीय नागरिकत्व जातं का? नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तर जातं.

मतपत्रिकेवर फुली मारायची नसते. उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतिक्रम लिहायचे. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांना हे नवं नाही, आणि दर खेपेला नव्याने अर्ज भरण्याचा वैतागही त्यांना माहीत आहे.

मतदानाचं कार्ड पोस्टाने आलं नाही तरी यादीत नाव असेल तर मत देता येतं. ओळखपत्र जवळ ठेवा. मागची स्थानिक निवडणूक ७ जून २०२४ ला झाली, पुढची २०२९ मध्ये. तोवर भाड्याचं घर बदललंत, तर यादीतला पत्ताही बदलून घ्या.