पैसा गेला, हिशेब राहिला

शिरूर आणि दौंड या दोन्ही बाजारांत आमचा कापडाचा धंदा आहे. माल मीटरवर विकायचा, म्हणून बिलात पैसे येतातच. गल्ल्यात मात्र पैशाचे नाणे आता शोधूनही सापडत नाही. हा पैसा आला कसा, गेला कसा आणि पुढे त्याचे काय, हे व्यापारी बांधवांनी समजून घेणे जरुरीचे आहे.

पूर्वी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै असत. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. आपण 'पै-पैचा हिशेब' म्हणतो ती हीच पै. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली, तेव्हा १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा निघाला.

१ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धत आली आणि रुपयाचे १०० 'नये पैसे' झाले. लोकांना उमज पडावी म्हणून नाण्यावर 'रुपये का सौवाँ भाग' असे लिहिले होते. अडचण आली ती आण्याची. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. म्हणून एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना पुरे २५ असा हिशेब ठरला. १ जून १९६४ पासून 'नये' हा शब्द गळाला.

पुढे १९६५ पासून हलक्या अॅल्युमिनियमचा पैसा आला. एक पैसा गोलसर कोपऱ्यांचा चौकोनी, दोन पैसे नागमोडी कडेचे, तीन पैसे षटकोनी. लिहिता-वाचता न येणाराही बोटांनी नाणे ओळखी. पण महागाई वाढली तशी या नाण्यांची खरेदीची ताकद गेली, आणि किमतीपेक्षा ते पाडण्याचा खर्च भारी झाला. सुट्ट्याऐवजी गिऱ्हाइकाच्या हातावर गोळी ठेवण्याचा रिवाज आपणही पाडला, हे कबूल केले पाहिजे.

३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याखालची सर्व नाणी चलनातून बाद झाली. त्यानंतर काही महिन्यांनी एका वाडीवरची म्हातारी पावल्यांनी भरलेली पिशवी घेऊन शिरूरच्या दुकानात लुगडे घ्यायला आली. २९ जूनपर्यंत बँकेत नाणी बदलून मिळत होती, ही खबर तिच्यापर्यंत गेलीच नव्हती. "शेठ, शिक्का तर सरकारचाच हाय ना?" असे तिने विचारले. लुगडे आम्ही उधारीवर दिले, पण पिशवी तशीच परत गेली. महिनाभर आधी दुकानाबाहेर एक पाटी लावली असती तर तिचे नुकसान टळले असते.

आता पुढचे. ५० पैशांचे नाणे आजही कायदेशीर आहे. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे ते १० रुपयांपर्यंतच्या, आणि रुपया व त्यावरची नाणी १००० रुपयांपर्यंतच्या देण्यात चालतात. दहा रुपयांच्या नाण्याचे १४ नमुने खरे असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. तरी अफवेवर विसंबून कोणी नाणे नाकारीत असेल तर ते गैर आहे.

बिलाचेही तसेच. अडीच मीटर कापड ४८ रुपये ५० पैसे दराने १२१ रुपये २५ पैशांचे होते; ५ टक्के जीएसटी धरून १२७ रुपये ३१ पैसे. रोखीने १२७ च घ्यावेत, १२८ नव्हे. ५० पैसे किंवा अधिक असतील तरच वरचा रुपया धरावा. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्ये कराच्या रकमेसाठी हाच नियम आहे. मोबाइलवरून रक्कम येत असेल, तर ३१ पैसेही जसेच्या तसे घेता येतात.

म्हणजे पैशाचे नाणे परत येणार नाही, पण वहीतून पैसा जाणारही नाही. दर वेळी वरचाच रुपया धरणाऱ्या दुकानदाराला दिवसाकाठी चार रुपये जास्त मिळतील, पण गिऱ्हाइकालाही हिशेब येतो, हे त्याने विसरू नये.