पाच सेकंदांचा हिशेब

चित्तरंजन अव्हेन्यूखालच्या मेट्रोतून चांदनी चौकात वर आलं, की कोलकात्याचा कॉम्प्युटर-बाजार सुरू होतो. तिथल्या एका चिंचोळ्या दुकानात मी कारागिराचे हात पाहत बसलो होतो. ‘दादा, फार स्लो झालाय’, एवढीच गिऱ्हाइकाची तक्रार. लॅपटॉपचं बटण दाबून दादांनी दुसऱ्या मशीनची रॅम काढली, तिचे पिवळे दात खोडरबराने घासले, परत बसवली. इकडे पडद्यावरचं चक्र फिरतच होतं.

त्यांनी जुन्या डिस्कचं क्लोनिंग लावलं. ते मातीच्या भांडातला चहा संपला तरी चालू होतं. मग अडीच इंची हार्ड डिस्क बाहेर, त्याच मापाची एसएसडी आत. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या तबकडीची एक फेरी 11 मिलिसेकंदांची. विंडोज सुरू होताना बारीकसारीक फाइली ठिकठिकाणाहून मागतं आणि डिस्कचं हेड त्यांच्यामागे धावत राहतं. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. यावेळी डेस्कटॉप झटकन आला.

मग मशीन लवकर सुरू व्हावं म्हणून प्रोग्रामरांनी घाम गाळावा कशाला? 2008 साली इंटेलच्या आर्यन व्हान डे व्हेन आणि औके कॉक यांनी ईईई पीसी या छोट्या लॅपटॉपवर लिनक्स 5 सेकंदांत सुरू करून दाखवलं. तिथेही एसएसडीच होती. पण त्यांनी सेकंदांचं अंदाजपत्रक बांधलं: कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, 1, डेस्कटॉपला 2, असं. नुसतं ‘आणखी जलद करू’ म्हणण्यापेक्षा ही शिस्त मला मोलाची वाटते. मिनिटं वाचतात तिथवर मेहनत सार्थकी लागते. पंधराचे दहा सेकंद करायला महिनोन्‌महिने खर्चणं मात्र पटत नाही. लॅपटॉप हल्ली बंद करतं कोण? झाकण मिटतात.

शिवाय वाचवलेलं खाणारे असतातच. दादांनी टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी उघडली. प्रिंटरवाला, चॅटवाला, अपडेटवाला, सगळे न बोलावता हजर! एकेकावर ‘डिसेबल’ दाबत ते खाली गेले. अँटिव्हायरस तेवढा ठेवला.

विंडोज 8 पासूनचं ‘फास्ट स्टार्टअप’ तर शटडाउन करतानाच कर्नलची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. म्हणून कधीकधी बिघाडही जसाच्या तसा परत येतो; रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. पैसे घेताना दादांनी गिऱ्हाइकाला बजावलं, ‘अडकला तर शटडाउन नको, रीस्टार्ट करा.’