ऊन पाहून जावं, पाणी समजून राहावं

युरोपात राहायचं, पण लंडनचं मळभ नको आणि पॅरिसची भाडी परवडत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचं व्हॅलेन्सिया हमखास सुचवलं जातं. आठ लाखांवर वस्ती, समोर भूमध्य समुद्र आणि जानेवारीतही दुपारी सोळा-सतरा अंशांची ऊब. विषुववृत्तापासून हे शहर जवळजवळ बीजिंगइतकंच लांब आहे, आणि बीजिंगची तळी हिवाळ्यात गोठतात!

एवढं ऊन येतं कुठून? अटलांटिकवरून येणारे ओले वारे स्पेनचे डोंगर आणि मधलं पठार ओलांडता ओलांडता कोरडे होतात. सह्याद्रीपलीकडे माण-खटावच्या वाट्याला जी पर्जन्यछाया येते, तीच इथेही आहे. उन्हाळ्यात अझोर्स बेटांकडचा उच्च दाबाचा पट्टा उत्तरेला सरकतो, वरची हवा खाली उतरू लागते आणि ढग धरतच नाहीत. वर्षाचा पाऊस जेमतेम साडेचारशे मिलिमीटर.

मग या कोरड्या शहराभोवती संत्र्यांच्या बागा आणि भाजीचे हिरवेगार मळे कसे? व्हॅलेन्सियाचं खरं नवल इथे सुरू होतं. मध्ययुगात, मुस्लिम राजवटीच्या काळात, तुरिया नदीचं पाणी पाटांनी शेतोशेती खेळवण्याची व्यवस्था इथे रुजली. १२३८मध्ये राजा पहिला जाउमे याने शहर जिंकलं, राज्य बदललं. पाण्याची वहिवाट मात्र त्याने तशीच राखली.

ती आजही चालू आहे. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथीड्रलच्या दारात काळे डगले घातलेले आठ शेतकरी गोलाकार बसतात. हे पाणी न्यायालय. एकेका पाटाच्या नावाने पुकारा होतो. कुणी पाळी नसताना पाणी घेतलं, कुणी आपल्या वाट्याचा पाट साफ केला नाही, असे खटले तिथल्या तिथे, तोंडी, व्हॅलेन्सियन भाषेत निकालात निघतात. आरोपी नदीच्या उजव्या तीरावरचा असेल तर निवाडा डाव्या तीरावरच्यांनी करायचा, आणि डाव्याचा असेल तर उजव्यांनी. वकील नाही, वरच्या कोर्टात अपील नाही. पंच निवडून येतात ते शेतकऱ्यांमधूनच. २००९मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवतेचा वारसा म्हणून मान्यता दिली.

मात्र पाणी नेहमीच इतकं शहाण्यासारखं वागत नाही. उन्हाळाभर तापलेला समुद्र शरद ऋतूतही उबदार असतो. अशा वेळी आकाशात उंचावर थंड हवेचा गोळा येऊन अडकला, की समुद्रावरची दमट हवा वेगाने वर चढते आणि ढगफुटीसारखा पाऊस कोसळतो. ज्या उन्हासाठी लोक येतात, त्यानेच समुद्रात साठवलेली ही उष्णता. १४ ऑक्टोबर १९५७ला तुरियाच्या पुराने शहर बुडवलं. त्यानंतर नदीच उचलून दक्षिणेला नव्या, रुंद पात्रात नेली. रिकाम्या जुन्या पात्रातून महामार्ग काढायचा सरकारी बेत होता. नागरिकांनी हट्टाने तो मोडून काढला आणि तिथे बाग मागून घेतली. आज शहराच्या मधोमध सुमारे नऊ किलोमीटर लांबीची ही बाग आहे. जुने दगडी पूल जागच्या जागी आहेत. त्यांच्याखालून सायकली जातात, मुलं फुटबॉल खेळतात.

२९ ऑक्टोबर २०२४ला आकाश पुन्हा फाटलं. जवळच्या तुरीस गावी एका दिवसात ७७० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. नव्या पात्राने मूळ शहर वाचवलं. पण त्याच्या दक्षिणेला, एरवी कोरड्या असणाऱ्या पोयो ओढ्याकाठी, पाइपोर्तासारखी उपनगरं उद्ध्वस्त झाली. त्या पुराने प्रांतात दोनशे वीसहून अधिक माणसांचा जीव घेतला.

म्हणून तिथे घर शोधणाऱ्याने ऊन आणि भाडं यांच्या आधी नकाशा पाहावा. पूरक्षेत्रांचे सरकारी नकाशे सर्वांना खुले आहेत. कागदपत्रांचा मार्ग सरळ आहे: बाहेरचं स्थिर उत्पन्न असेल तर नोकरी न करण्याच्या अटीवर मिळणारा व्हिसा, आणि परदेशी कंपनीचं काम घरून करणाऱ्यांसाठी २०२३पासूनचा वेगळा व्हिसा. पोहोचल्यावर नगरपालिकेत रहिवासी म्हणून नाव नोंदवायचं.

मात्र माद्रिद-बार्सिलोनाहून स्वस्त वाटणारं भाडं स्थानिक पगाराला आता झेपेनासं झालं आहे. घरांसाठी लोक रस्त्यावर उतरले आहेत. बाहेरची कमाई घेऊन येणाऱ्यांमुळे मागणी वाढते, आणि त्याची झळ जुन्या रहिवाशांना बसते. या शहराने पाण्यासारखी अपुरी गोष्ट शतकानुशतकं पाळी लावून वाटून घेतली आहे. तिथे जाणाऱ्याने घरालाही तोच न्याय लावावा: राहण्यापुरतं एक घ्यावं, दुसरं नफ्यासाठी अडवून ठेवू नये, आणि शेजाऱ्यांची भाषा शिकावी. असा नवा रहिवासी कुठल्याही शहराला हवाच असतो.