सदतीस गुणांचा उमेदवार

पेन्सिल्व्हेनियातलं अल्टूना हे रेल्वेच्या कारखान्यांवर पोसलेलं गाव. २९ मार्च २००८, शनिवार. तिथल्या बोलिंगच्या हॉलमध्ये बराक ओबामा शिरले, बोलिंगचे बूट चढवले, बाह्या दुमडल्या. गळ्यातला टाय मात्र तसाच राहिला. जड चेंडू लाकडी पट्टीवरून सोडायचा आणि टोकाला उभ्या असलेल्या दहा सोंगट्या पाडायच्या, एवढाच खेळ. पूर्ण डाव बिनचूक खेळला तर ३०० गुण होतात. ओबामा सात फेऱ्या खेळले आणि त्यांचे ३७ झाले. एखादं पोरही याहून जास्त पाडेल.

अध्यक्षपदाच्या प्रचारात असं हसं प्रत्येकाचं कधी ना कधी होतं. पण पुढचे काही दिवस टीव्हीवर पंडित मंडळी त्या ३७ गुणांचा कीस पाडत बसली. ओबामांचं चेंडू टाकणं कसं नाजूक होतं, यावरही बोलून झालं. प्रश्न असा होता की, हा माणूस आपल्यातला आहे का? ‘आपल्यातला’ म्हणजे कोण, हे सांगायची कुणाला गरज वाटली नाही. अमेरिकेच्या राजकारणात ‘सामान्य कष्टकरी माणूस’ म्हटलं की डोळ्यांपुढे बहुतेक वेळा गोरा माणूसच येतो.

सामान्य माणूस असल्याचं हे सोंग तिकडे जुनं आहे. १८४० मध्ये विल्यम हेन्री हॅरिसन अध्यक्षपदाला उभे राहिले, तेव्हा विरोधी गटाच्या एका वर्तमानपत्रानं टोमणा मारला की, या म्हाताऱ्याला सफरचंदाच्या दारूचं पिंप आणि थोडं पेन्शन द्या, तो ओंडक्यांच्या झोपडीत सुखानं बसेल. हॅरिसन यांच्या माणसांनी तो टोमणाच प्रचाराचं निशाण केला. मिरवणुकांतून झोपड्या फिरल्या, पिंपं फुटली आणि हॅरिसन निवडून आले. वास्तविक त्यांचा जन्म व्हर्जिनियातल्या एका मळ्यावरच्या विटांच्या वाड्यातला, आणि वडिलांची सही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर होती. तो मळा गुलामांच्या राबण्यावर चालत होता.

धाकट्या बुशसाहेबांचं तर विचारूच नका. आजोबा सिनेटर, वडील अध्यक्ष, स्वतः येल आणि हार्वर्डचे. बालपण टेक्सासातल्या मिडलंडला गेलं हे खरं. पण क्रॉफर्डचं सुमारे १,६०० एकरांचं रँच त्यांनी घेतलं ते १९९९ मध्ये, अध्यक्षपदाच्या तयारीत असताना. मग तिथे झुडपं तोडतानाची छायाचित्रं जगभर गेली. कुणाबरोबर बसून बिअर प्यायला आवडेल, या त्या काळच्या लाडक्या प्रश्नात त्यांची सरशी व्हायची. त्यांनी १९८६ मध्येच दारू सोडली होती, याची आठवण फारशी कुणी काढत नसे.

ओबामांकडे असलं काही उभं करायला जागाच नव्हती. वडील लहानपणीच दूर गेलेले, होनोलुलूला आजी-आजोबांकडे वाढलेला मुलगा. आजी बँकेत नोकरी करायची. शिक्षणाचं कर्ज तर अध्यक्ष होण्याच्या जेमतेम चार वर्षं आधी फिटलं. म्हणजे हिशेबानं पाहिलं तर बुश यांच्यापेक्षा हाच माणूस सामान्य. पण आयोवातल्या शेतकऱ्यांपुढे बोलताना अरुगुला नावाच्या महागड्या पालेभाजीच्या भावाचा विषय त्यांनी काढला आणि बड्या घरचा असा शिक्का बसला.

दुसऱ्या बाजूनंही सुटका नव्हती. २००० मध्ये शिकागोच्या साउथ साइड या काळ्या वस्तीत बॉबी रश यांच्याविरुद्ध ओबामा पक्षांतर्गत निवडणुकीला उभे राहिले. रश हे पूर्वाश्रमीचे ब्लॅक पँथर, म्हणजे काळ्यांच्या लढाऊ संघटनेतले. हार्वर्डहून आलेला हा वकील पुरेसा काळा आहे का, अशी कुजबुज तेव्हा वस्तीत होती. रश यांना ओबामांच्या दुप्पट मतं पडली.

फ्रेडरिक डग्लस यांच्यापुढे हाच पेच शंभराहून जास्त वर्षांपूर्वी आला होता. १८३८ मध्ये ते गुलामीतून पळाले आणि पुढे गुलामगिरीविरोधी चळवळीचे वक्ते झाले. भाषा इतकी घोटीव की श्रोते म्हणू लागले, हा कधी गुलाम असणं शक्य नाही. तेव्हा चळवळीतल्या गोऱ्या हितचिंतकांनी सल्ला दिला: बोलण्यात थोडा मळ्यावरचा ढंग राहू द्या, फार शिकलेलं दिसू नका. डग्लस यांनी तो मानला नाही. १८४५ मध्ये त्यांनी आत्मकथा छापली, मालकाच्या आणि गावाच्या नावासकट. विश्वास बसला, पण पकडले जाण्याच्या भीतीनं त्यांना पुस्तक निघताच ब्रिटन गाठावं लागलं. त्या शतकात सर्वाधिक छायाचित्रं निघालेल्या अमेरिकनांत त्यांची गणना होते. बहुतेक छायाचित्रांत अंगात नेटका कोट आणि चेहऱ्यावर हसू नाही. हसरा, खुशालचेंडू गुलाम ही त्या काळी व्यंगचित्रांतली ठरलेली आकृती होती, आणि डग्लस यांना तिच्या जवळपासही जायचं नव्हतं.

मराठी वाचकाला हा कोट ओळखीचा वाटेल. १९२१ मध्ये गांधीजींनी मदुराईत पंचा नेसला, आणि बॅरिस्टरनं केलेला त्याग म्हणून देश हेलावला. बाबासाहेब आंबेडकर मात्र सूट-टायमध्येच राहिले, आणि चौकाचौकातल्या पुतळ्यांतही तसेच आहेत. ज्या समाजाला धड कपडा अंगावर घालायचीही बंदी होती, त्याच्या नेत्यानं पंचा नेसून काय सोडलं असतं? बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. ओबामा तिथूनच १९८३ मध्ये पदवीधर झाले.

अध्यक्ष झाल्यावरही ओबामांची परीक्षा संपली नाही. २७ एप्रिल २०११ रोजी जन्म अमेरिकेतलाच आहे हे पटवायला व्हाइट हाउसला त्यांचा जन्मदाखलाच पत्रकारांपुढे ठेवावा लागला. बोलिंगचं म्हणाल तर, व्हाइट हाउसमध्येही त्याची एक पट्टी आहे. ती काढून बास्केटबॉलचं मैदान करीन, असं ते प्रचारात म्हणाले होते. शाळेत असताना त्यांच्या संघानं १९७९ मध्ये हवाई राज्याचं अजिंक्यपद मिळवलं होतं, ते याच खेळात. शेवटी पट्टी जागच्या जागी राहिली. टेनिस कोर्टवर बास्केटबॉलच्या रेघा मारल्या आणि दोन्ही टोकांना जाळ्या लावल्या.