आरोग्य सल्ला : उपाशी माणसाला किती वाढावे?

मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला घरची मंडळी आग्रह करकरून वाढतात. "खा, म्हणजे अंगात ताकद येईल." मीही रुग्णांच्या नातेवाइकांना पूर्वी हेच सांगत असे. बेल्सनची हकिकत वाचली तेव्हापासून जपून बोलतो.

बर्गेन-बेल्सन ही उत्तर जर्मनीतील नाझींची छळछावणी. अ‍ॅन फ्रँक १९४५ च्या सुरुवातीला येथेच मरण पावली. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य आत शिरले तेव्हा सुमारे ६० हजार कैदी तेथे होते. त्यांत बहुसंख्य ज्यू. हजारो प्रेते उघड्यावर पडलेली आणि टायफसची साथ. (हा आपला टायफॉइड नव्हे, तो उवांमुळे पसरतो.) सैनिकांनी कळवळून जवळचे डबाबंद मांस वाटून टाकले. महिनोन् महिने उपाशी राहिलेल्या आतड्यांना ते झेपले नाही. जुलाब लागले, माणसे दगावली. रोगराई आणि उपासमारीमुळे सुटकेनंतरही १३ हजारांहून अधिक जण गेले.

दीर्घ उपासमारीत शरीर स्वतःची चरबी व स्नायू जाळून जगते. अशा वेळी एकदम भरपूर अन्न पोटात गेले की इन्शुलिन वाढते, रक्तातील फॉस्फरस व पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढले जाते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून आठ-दहा दिवस पोटात काही नसलेल्या रुग्णाचे खाणे थोड्या प्रमाणात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू करावे. एक-दोन दिवसांच्या उपवासाला मात्र ही भीती नाही.

बेल्सनमध्ये डॉक्टरांनी मग एक पातळ मिश्रण पाजले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ते उपयोगी पडले होते आणि त्याच नावाने ओळखले जाई. पण युरोपातील या लोकांना ते फार गोड लागले, अनेकांना घशाखाली उतरेना. पथ्य ठरवताना रुग्णाच्या जिभेची सवय आपण विचारतो का? सुईची गोष्ट तर त्याहून अवघड. इंजेक्शन दिसताच काही जण किंचाळत. सुई टोचून माणसे मारलेली त्यांना ठाऊक होती.

उवांनी भरलेल्या झोपड्या जाळण्यात आल्या. वाचलेल्यांना जवळच्याच लष्करी बराकींत हलवले. निर्वासितांची ही छावणी १९५० पर्यंत चालली. तेथे शाळा निघाली, वृत्तपत्र निघाले, नाटके झाली, लग्ने तर धडाक्याने लागली.

बायकांच्या मनात मात्र एक धास्ती होती. छळछावणीत बहुतेकींची पाळी बंद झाली होती. सूपमध्ये काही औषध घालतात, आता मूल होणार नाही, असे अनेकींना वाटे. डॉक्टरांच्या दृष्टीने उपासमार आणि भीती एवढे कारण पुरेसे होते. अंगावर थोडे मांस चढले आणि पुष्कळ जणींची पाळी परत आली. पुढच्या काही वर्षांत बेल्सनच्या छावणीत हजाराहून अधिक बाळे जन्मली.

हदासा बिम्को या दंतवैद्य. त्यांचे आईवडील, पती आणि लहानगा मुलगा ऑशविट्झमध्ये मारले गेले. बेल्सनमध्ये कैदी असतानाच त्यांनी इतर बायकांच्या मदतीने अनाथ मुलांचा एक मोठा गट जगवला. सुटकेनंतर ब्रिटिश डॉक्टरांनी त्यांच्यावरच कैद्यांमधील डॉक्टर व परिचारिकांच्या पथकाची जबाबदारी सोपवली. १९४६ मध्ये त्यांनी छावणीतील ज्यूंचे पुढारी योसेफ रोझेनसाफ्ट यांच्याशी लग्न केले. १९४८ मध्ये, त्याच बेल्सनमध्ये, त्यांना मुलगा झाला.