फ्लूचे नमुने कोणाचे?

फ्लूची लस एकदा टोचून घेतली की कायमची निश्चिंती, असे होत नाही. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूच्या पृष्ठभागावरची प्रथिने सतत थोडीथोडी बदलत असतात, आणि गेल्या वर्षीच्या लशीमुळे तयार झालेली प्रतिपिंडे यंदाच्या विषाणूला नीट ओळखत नाहीत. म्हणून लशीत कोणते वाण घालायचे हे वर्षातून दोनदा ठरते: उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत, दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये. कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून लस तयार करायला सुमारे सहा महिने लागतात. त्यामुळे पुढच्या हंगामात काय पसरेल याचा अंदाज आधीच बांधावा लागतो, आणि तो कोणत्याही देशाला एकट्याने बांधता येत नाही.

त्यासाठीचे जाळे जागतिक आरोग्य संघटनेने १९५२ साली विणायला घेतले. आज शंभराहून अधिक देशांत राष्ट्रीय इन्फ्लुएन्झा केंद्रे आहेत. भारतात हे काम पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, करते. रुग्णाच्या नाका-घशातला स्वॅब या केंद्रात तपासला जातो आणि निवडक विषाणू लंडन, अटलांटा, टोकियो, मेलबर्न किंवा बीजिंगच्या सहयोगी प्रयोगशाळांकडे रवाना होतात. फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला माणसासारखाच फ्लू होतो. एका वाणाची लागण झालेल्या फेरेटच्या रक्तातली प्रतिपिंडे नव्या वाणाला रोखतात का, हे या प्रयोगशाळांत पाहिले जाते. रोखत नसतील, तर लस बदलण्याची वेळ आली असे समजतात. जनुकीय वाचनाचे तंत्र आले तरी फेरेटची सुटका झालेली नाही.

जाळ्याला भोक असले की काय होते, हे १९५७ मध्ये दिसले. त्या वर्षीचा ‘आशियाई फ्लू’ आधी चीनमध्ये पसरला. पण चीनचे कम्युनिस्ट सरकार तेव्हा संघटनेबाहेर होते, त्यामुळे तिथून खबर आलीच नाही. एप्रिलमध्ये हाँगकाँगमधल्या साथीची बातमी वर्तमानपत्रात वाचून अमेरिकी विषाणुतज्ज्ञ मॉरिस हिलमन यांनी नमुने मागवले, तेव्हा साथ बरीच पुढे गेली होती.

त्यानंतरची पन्नास वर्षे नमुन्यांची ये-जा मुख्यतः शास्त्रज्ञांच्या आपसातल्या विश्वासावर चालली. तिचा हिशेब मात्र कोणी मांडला नव्हता. तो इंडोनेशियाने मांडला. पक्ष्यांमधला एच५एन१ विषाणू तिथे माणसांचे बळी घेत होता आणि त्याचे नमुने संघटनेकडे जात होते. त्या नमुन्यांवरून एक ऑस्ट्रेलियन कंपनी लस विकसित करत असल्याचे कळल्यावर आरोग्यमंत्री सिती फदिला सुपारी यांनी नमुने पाठवणे थांबवले. साथ आलीच, तर ती लस आधी श्रीमंत देश विकत घेणार आणि विषाणू पुरवणाऱ्या देशाच्या वाट्याला काही उरणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. आपल्या भूमीवरच्या विषाणूवर आपला हक्क आहे, असेही त्यांचे म्हणणे होते. तक्रार रास्त होती. उपाय मात्र धोक्याचा होता, कारण तेव्हा सर्वांत घातक विषाणूवरच नजर ठेवणे अवघड झाले.

या वादावर देशांच्या वाटाघाटी चालू असतानाच २००९ मध्ये एच१एन१ची जागतिक साथ आली. भारतात तिचा पहिला बळी ऑगस्टमध्ये पुण्यातच गेला. पुढच्या वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस बाजारात आणली. तिच्यासाठी लागणारे मूळ दुर्बल वाण रशियातले होते. ते १९५७च्याच साथीत लेनिनग्राडमध्ये मिळालेल्या विषाणूपासून, त्याला थंड तापमानात वाढवून घडवलेले होते. सेंट पीटर्सबर्गच्या संस्थेने त्याचा परवाना जागतिक आरोग्य संघटनेला दिला आणि संघटनेने तो विकसनशील देशांतल्या उत्पादकांपर्यंत पोहोचवला. इंडोनेशियाने मागितलेली वाटणी अशा रीतीने करता येते, याचा तो चांगला नमुना.

लेखी नियम २०११ मध्ये आले. जागतिक साथ घडवू शकणाऱ्या विषाणूंचे नमुने देशांनी द्यायचे; लस, औषधे आणि निदानसाधने बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून वर्षाला २ कोटी ८० लाख डॉलर भरायचे; आणि लस-उत्पादकांनी साथीच्या काळात आपल्या उत्पादनाचा ठरावीक हिस्सा संघटनेसाठी राखायचा, असा हा सौदा आहे. नेहमीच्या हंगामी फ्लूला तो लागू नाही. तिथे अजून जुना विश्वासच कामी येतो.

तो विश्वास बारीकसारीक गोष्टींतही फळतो. ‘बी’ गटातली यामागाता ही शाखा मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडली नाही. एका देशाने असे म्हटले असते तर कोणी मानले नसते. सगळीकडच्या केंद्रांनी तेच सांगितले, म्हणून २०२३ मध्ये तिला लशीतून वगळण्याचा सल्ला देता आला. भारतालाही नोंदींचा असाच उपयोग झाला: देश उत्तर गोलार्धात असूनही बहुतेक भागांत फ्लू पावसाळ्यात वाढतो, त्यामुळे तिथे हिवाळ्याआधी नव्हे तर पावसाळ्याआधी लस देणे योग्य ठरते.

फ्लूची ही घडी इतर रोगांना बसवण्याचा प्रयत्न कोविडनंतर सुरू झाला. जागतिक साथींविषयीचा करार मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने स्वीकारला. त्याआधी, त्याच वर्षीच्या जानेवारीत, अटलांटाची प्रयोगशाळा ज्या देशात आहे त्या अमेरिकेने संघटनेतून बाहेर पडण्याचे जाहीर केले होते. रोगजंतूंचे नमुने कोणी, कोणत्या अटीवर द्यायचे आणि बदल्यात काय मिळायचे, हे सांगणारे परिशिष्ट करार स्वीकारताना बाकी ठेवण्यात आले.