‘हेलो’ची मोहीम : पूर्वार्ध सरस, उत्तरार्ध दमवणारा

प्रतिनिधी

चारकोप (कांदिवली पश्चिम) : संगणकावरील गोळीबाराच्या खेळांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एका प्रकारात खेळाडू दुसऱ्या खेळाडूंशी लढतो. हा खेळ कधीच संपत नाही. फार तर एक डाव संपतो. दुसऱ्या प्रकारात एक कथा लढत लढत पार करायची असते. तिला ‘कॅम्पेन’, म्हणजेच मोहीम म्हणतात. मोहिमेला आरंभ असतो, मध्य असतो आणि शेवटही असतो. विज्ञानकथेवर आधारित मोहिमांमध्ये ज्या खेळाचे नाव आजही पहिल्या पंक्तीत घेतले जाते, तो म्हणजे ‘हेलो : कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड’. बंगी या संस्थेने तयार केलेला हा खेळ नोव्हेंबर 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्ससोबत अमेरिकेत आला. त्याची मोहीम नव्या रूपात 2026 मध्ये आणण्याची घोषणा ऑक्टोबर 2025 मध्ये झाली. त्यामुळे या मोहिमेचे बळ कशात होते आणि ती कुठे लंगडी पडली, हे तपासून पाहणे उचित ठरेल.

चारकोपसारख्या वस्तीत या खेळाची ओळख तशी उशिराच झाली. जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने उभारलेल्या येथील सेक्टरांत छोट्या भूखंडांवरची घरे चौकाभोवती दाटीने उभी राहिली. घरात एखादा संगणक आला तरी त्यावर साऱ्या कुटुंबाचा हक्क. मूळ एक्सबॉक्स भारतात अधिकृतपणे विक्रीस आलाच नाही. संगणकावरची आवृत्ती 2003 मध्ये निघाली, पण ती चालवण्यास त्या काळी बऱ्यापैकी महागडे ग्राफिक्स कार्ड लागे. उरला सायबर कॅफे. तेथे तासावर पैसे मोजायचे असल्याने ‘काउंटर-स्ट्राइक’सारखे झटपट डाव चालत, दहा टप्प्यांची कथा तासाच्या हिशेबात बसत नसे. ‘हेलो’च्या मोफत चाचणी आवृत्तीत मोहिमेचा एकच टप्पा होता, ‘द सायलेंट कार्टोग्राफर’. योगायोगाने तो संपूर्ण मोहिमेतील सर्वोत्तम टप्प्यांपैकी एक. बेटाच्या किनाऱ्यावर सैनिक उतरतात, गोळीबार सुरू होतो आणि वाहन घेऊन बेटाला कोणत्या दिशेने वळसा घालायचा, हे खेळाडूने ठरवायचे!

या मोहिमेची पहिली थोरवी म्हणजे शत्रूची अक्कल. ‘कॉव्हेनंट’ या परग्रहवासीयांच्या सैन्यात ठेंगणे ‘ग्रंट’ असतात आणि त्यांचे नायक ‘एलिट’. नायक पडला की ग्रंट हात वर करून ओरडत पळत सुटतात. हातबॉम्ब जवळ पडला तर एलिट बाजूला झेप घेतो. त्यामुळे कोणाला आधी टिपायचे, हा प्रत्येक चकमकीत खरा प्रश्न ठरतो. त्यातच एका वेळी दोनच शस्त्रे बाळगता येतात, म्हणजे एक उचलायचे तर दुसरे टाकावे लागते. अंगावरचे कवच काही क्षण आडोसा घेतला की पुन्हा भरून येते. आज हे दोन्ही नियम इतके रुळले आहेत, की त्यांचे नावीन्य समजावून सांगावे लागते.

दुसरी थोरवी कथेच्या कल्पनेत. अवकाशातील एक महाकाय कडे, त्याच्या आतल्या पृष्ठभागावर समुद्र आणि डोंगर. हे कडे शस्त्र आहे, हे हळूहळू उलगडते. ‘फ्लड’ नावाचे परजीवी सजीवांना ग्रासते. कडे त्या परजीवीला मारत नाही, तर त्याचे खाद्य असलेले बुद्धिमान जीवच नष्ट करते. जयंत नारळीकरांच्या कथा वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला या कल्पनेतील थंड तर्क नक्कीच भावेल. फ्लडचे प्रथमदर्शन घडवणारा सहावा टप्पा तर भयकथेच्या तोडीचा आहे. दलदल, धुके, मृत सैनिकाच्या शिरस्त्राणातील चित्रण आणि मग बंद दारांवर पडणारे धक्के. मार्टिन ओ’डॉनेल व मायकेल साल्व्हाटोरी यांचे संगीत कधी थांबायचे, हेही जाणते.

दोष मात्र याच टप्प्यानंतर सुरू होतात. बंगीचे आरेखक जेमी ग्रीझमर यांनी तीस सेकंदांच्या आनंदाची कल्पना मांडली होती. तीस सेकंदांची चकमक रंगतदार करायची आणि ती वेगळ्या जागी, वेगळ्या शस्त्रांनी, वेगळ्या शत्रूशी पुन्हा घडवायची. ‘द लायब्ररी’ या सातव्या टप्प्यात नेमकी हीच सूत्रातील अट मोडली आहे. एकसारखे राखाडी बोळ, एकसारखी दारे आणि अंगावर धावून येणारे फ्लडचे लोंढे. फ्लडला भीती नाही, डावपेच नाहीत. शत्रूच्या ज्या हुशारीवर पूर्वार्ध उभा होता, तीच येथे गायब होते. मग उरते ती हमाली.

पुढचे तिन्ही टप्पे पाहिलेल्याच जागी परत नेतात. आठव्यात पाचव्या टप्प्याची वाट उलट दिशेने तुडवायची, नवव्यात तिसऱ्यातले शत्रूचे जहाज, दहाव्यात पहिल्यातले आपले जहाज. शेवटाला आरंभस्थानी परतण्यात कथेच्या दृष्टीने औचित्य आहे, आणि कोसळत्या जहाजातून घड्याळाशी शर्यत करत गाडी हाकण्याचा प्रसंग अप्रतिमच. पण आठव्या टप्प्याला असे समर्थन देता येत नाही. ही सरळ सरळ काटकसर आहे. शिवाय मूळ खेळात दोघांनी मिळून मोहीम खेळण्याची सोय होती, ती 2003 च्या संगणक आवृत्तीतून वगळली गेली. आपल्याकडच्या बहुतेकांच्या वाट्याला आली ती हीच उणी आवृत्ती.

हा हिशेब महाराष्ट्राच्याही कामाचा आहे. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने भारतीय वळणाची भविष्यसृष्टी कल्पून ‘इंडस’ हा मोबाइलवरील खेळ ऑक्टोबर 2024 मध्ये आणला. त्यात विरलोक नावाची स्वतंत्र भूमी आहे, कॉस्मियम हे मौल्यवान द्रव्य आहे, पात्रांना आपल्याकडची वेशभूषा आहे. मात्र खेळ आला तो ‘बॅटल रॉयल’ स्वरूपात. एकट्याने पार करायची कथा त्यात नव्हती. व्यवसाय म्हणून हा निर्णय समजण्यासारखा आहे. मोहिमेचा प्रत्येक टप्पा बांधायला पैसा लागतो आणि खेळाडू तो एकदा पार करून पुढे जातो. बंगीसारख्या मुरलेल्या संस्थेलाही उत्तरार्धात जुन्याच जागा पुन्हा वापराव्या लागल्या, ते उगाच नव्हे. तरीही एवढी सृष्टी उभारून तिची गोष्ट सांगायची राहून जावी, याची हळहळ वाटते.

पालकांसाठी एक सूचना. ‘हेलो’ला अमेरिकेत 17 वर्षांवरील वयोगटाचे मानांकन आहे आणि फ्लडचे टप्पे पाहता ते रास्तच म्हणावे लागेल. नव्या आवृत्तीत दोघांनी एकाच पडद्यावर बसून मोहीम खेळण्याची सोय पुन्हा देण्याचे जाहीर झाले आहे, तसेच मूळ कथेच्या आधी घडणारे तीन नवे टप्पेही. वाचनालयाचे बोळ कसे दुरुस्त केले आहेत, हे जाणकार सर्वप्रथम पाहतील.